तीन वाजताची तिन्हीसांज

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात हेलसिंकीत सूर्य साडेनऊच्या जरा आधी उगवतो आणि सव्वातीनच्या आत मावळून मोकळा होतो. ऐन मध्यान्हीसुद्धा तो क्षितिजापासून सहासात अंशांच्या वर चढत नाही. छपरांच्या कडेकडेनं आडवा सरकतो आणि दिसेनासा होतो, तोही ढग नसतील तर. अशा दिवशी दोन विमानांच्या मधल्या आठ-दहा तासांत गाव बघायला निघालेल्या माणसानं बघायचं काय, आणि कुठल्या उजेडात?

यादीवाल्या प्रवाशांची इथं फार पंचाईत होते. पांढरं कॅथेड्रल, लाल विटांचं रशियन चर्च, सिबेलियसच्या स्मारकातल्या सहाशेवर पोलादी नळ्या, असं एकेक टिपत ते धावतात. कान बधिर होतात, मोबाइलची बॅटरी थंडीनं मान टाकते, आणि फोटोत येतो तो करडेपणाच. माझं स्पष्ट मत असं, की उत्तरेचा हिवाळा दारं उघडून आत शिरत बघावा. या लोकांनी निम्मं वर्ष काळोखात काढायचं असतं, म्हणून त्यांनी आपलं सगळं कसब घराच्या आतल्या बाजूला खर्चलं आहे.

बर्फाच्या कल्पनाही जरा बेतानंच बाळगाव्यात. समुद्रकाठच्या या शहरात डिसेंबरात बर्फ टिकेलच याची खात्री नसते. पुष्कळदा नुसता ओला, काळा डांबरी रस्ता असतो, आणि तिथली माणसं नेमकी त्यालाच वैतागतात. थंडीबद्दल कुरकुर कमी, बर्फ पडत नाही म्हणून जास्त. बर्फ पडला की अंधाऱ्या माजघराला चुना लावल्यासारखं सगळं गाव उजळतं. रस्त्यावरच्या एका दिव्याचे दोन होतात.

भारतीय पासपोर्टवर विमानतळाबाहेर पाऊल टाकायचं तर शेंगेन व्हिसा हवा, तेवढं आधी बघून ठेवावं. मोठं सामान पुढच्या विमानात परस्पर गेलेलं बरं. विमानतळाच्या पोटातूनच गाडी सुटते आणि अर्ध्या तासात मध्यवर्ती स्थानकात पोचवते. तिकीट तपासायला फाटक नाही, कुणी अडवत नाही. तिकीट मात्र काढायचं असतं. 2022 मध्ये रशियाचं आकाश बंद झालं आणि आशियाच्या जवळ असण्याचा या शहराचा हवाई फायदा बराचसा गेला. तरी दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाताना हा थांबा अजून वाटेत येतो.

स्थानक एलिएल सारिनेननं बांधलं, 1919 साली ते खुलं झालं. मुख्य दाराच्या दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचे दोन-दोन दांडगे पुरुष हातात काचेचे गोल दिवे धरून उभे आहेत. चेहरे गंभीर, जरा कंटाळलेलेही. दुपारी बाराला ते तुम्हाला साधी शिल्पं वाटतील. काळोख पडला, दिवे लागले, की त्यांना उभं का केलंय ते कळतं.

समोरच आतेनेउम हे चित्रसंग्रहालय आहे. तिथं वेळ थोडा असेल तर एकच चित्र बघावं, ह्यूगो सिंबर्गचं 1903 सालचं ‘जखमी देवदूत’. दोन पोरं डोलीसारख्या काठ्यांवर एका देवदूताला वाहून नेताहेत. तिच्या डोळ्यांवर पट्टी आहे, पांढऱ्या पंखाला किंचित रक्त. पुढचा पोरगा मान खाली घालून चाललाय, मागचा मात्र थेट आपल्याकडे बघतो, असा की आपणच काही तरी केलंय. सिंबर्गनं या चित्राचा अर्थ सांगायचं टाळलं. चित्रातली ती उजाड वाट इथल्याच त्यॉलो खाडीच्या काठची आहे, स्थानकापासून चालत जाण्याएवढी जवळ.

तिकडं जाताना वाटेत ओदी लागतं. हे शहराचं वाचनालय आहे, डिसेंबर 2018 मध्ये उघडलेलं, देशाच्या स्वातंत्र्याच्या शंभरीची भेट म्हणून बांधलेलं. ते संसदेच्या बरोब्बर समोर आहे, आणि ही जागा काही योगायोगानं मिळालेली नाही. सर्वांत वरच्या मजल्यावर पांढरं, लाटांसारखं छत, पुस्तकं, कुंड्यांतली झाडं आणि बाबागाड्यांची गर्दी. मधल्या मजल्यावर शिवणयंत्रं. मी गेलो तेव्हा एक आजोबा चश्मा नाकाच्या शेंड्यावर आणून पडद्याची किनार दुमडत होते. शेजारच्या मुलीनं त्यांना बॉबिन कसा बसवायचा ते दाखवलं, त्यांनी मान हलवली, दोघं पुन्हा आपापल्या कामाला लागली. आभाराचे दोन शब्द झाले असतील-नसतील. थ्रीडी प्रिंटर, गाण्याचे स्टुडिओ, भाड्यानं मिळणारं स्वयंपाकघर, सगळं त्याच मजल्यावर. कुणी विचारत नाही तुम्ही कुठले, सभासद आहात का. कोट काढा, खुर्चीत बसा, झोप लागली तरी हरकत नाही. रात्रीच्या विमानप्रवासानं मोडून गेलेल्या माणसाला याहून मोठं आतिथ्य मी दुसऱ्या कुठल्या गावात पाहिलेलं नाही.

इथं कॉफी अखंड चालते. दरडोई खपात हा देश जगात पहिल्या काहींमध्ये मोडतो. भाजणी फिकी, त्यामुळं कॉफी पातळ वाटते, आणि आपल्या फिल्टर कॉफीवर वाढलेली जीभ पहिल्या घोटाला नाराज होते. तिच्यासोबत मात्र दालचिनीचा पाव घ्यावा. तोडला की आतून वेलदोड्याचा वास येतो, भरपूर, जाडसर कुटलेल्या दाण्यांचा. वेलदोडा मूळचा आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण अंगाचा. तो इतक्या उत्तरेला येऊन मैद्यात असा मुरला आहे की तिथल्या लोकांना तो आपल्याच घरचा वास वाटतो. श्रीखंडाच्या आठवणीनं मी दुसरा पाव मागवला.

दुपारच्या जेवणाला बंदरावरचा जुना बंदिस्त बाजार, 1889 सालचा. लाकडी गाळे, अरुंद वाट, आणि मासे विकणाऱ्यांच्या पांढऱ्या टोप्या. सालमन माशाचं दुधाळ सार, वर शेपूची हिरवी पखरण, बाजूला राईचा काळा, आंबूस पाव. शेपू म्हटल्यावर आपल्याकडची निम्मी जनता नाक मुरडते. तिनं या वाटीपुढं एकदा बसावं.

बाजाराजवळच्या धक्क्यावरून सुओमेनलिन्नाची बोट सुटते, शहराच्या नेहमीच्या तिकिटावर. हा सागरी किल्ला स्वीडिश सत्तेनं 1748 मध्ये बांधायला घेतला आणि 1808 मध्ये तो रशियनांच्या हाती गेला, वेढ्यानंतर, फारसं न लढताच. आज तिथं आठेकशे माणसं राहतात. जंजिरा, सिंधुदुर्ग पाहिलेल्याला तटबंदीचं अप्रूप नाही. पण पंधरा मिनिटांचा तो प्रवास करावा. बोटीत सहलीला निघालेले कमी, किराणा घेऊन घरी निघालेले जास्त. फेब्रुवारीत याच वाटेवर बोट बर्फ फोडत जाते. डिसेंबरात नुसतं शिशासारखं जड पाणी. किल्ला हिंडत बसलात तर मात्र खरी वेळ हुकेल.

खरी वेळ म्हणजे मावळतीनंतरचा तासभर. आपल्याकडं सूर्य जवळजवळ सरळ बुडतो, म्हणून दिवेलागण पंचवीसेक मिनिटांत उरकते. इथं तो तिरपा, क्षितिजाला घासत उतरतो; संधिप्रकाश दुपटीनं रेंगाळतो. आकाश निळं होतं, मग अधिक निळं, आणि ट्रामचे हिरवे-पिवळे डबे त्या निळाईतून उजळून निघतात. या वेळी तेम्पेलिआउकिओ चर्चमध्ये असावं. तिमो आणि तुओमो सुओमलाइनेन या भावांनी ते अख्ख्या खडकात कोरून 1969 मध्ये पुरं केलं. भिंती ओबडधोबड ठेवल्या आहेत, नाद चांगला घुमतो म्हणून. वर तांब्याची घुमटी, आणि घुमटी व खडक यांच्या मधे काचांची गोल झालर. उजेड येतो तो फक्त तिथूनच. मी बाकावर बसलो तेव्हा काचा राखाडी होत्या, उठलो तेव्हा गडद निळ्या. वेरूळच्या कैलासाशी तुलना करायचा मोह आवरला. ते काम वेगळं, त्याची छिन्नी वेगळी. इथं सुरुंग लावलेत आणि ते लपवलेले नाहीत.

बाहेर पडल्यावर लक्षात येतं, की रस्त्यावरच्या प्रत्येक कोटाला काही तरी लटकतंय: हरीण, फूल, घुबड, साधा गोल. गाडीचा झोत पडला की लखकन चमकतं. अंधारात पायी चालणाऱ्यानं असं परावर्तक लावावं असा इथला कायदाच सांगतो. किल्लीच्या कडीएवढा तो तुकडा कुठल्याही दुकानात मिळतो; मी एक बदक घेतलं आणि खिशाला लावलं. घसरू नये म्हणून पदपथांवर ग्रॅनाइटची बारीक खडी पसरलेली असते. मध्यवस्तीत काही पदपथ खालून गरम पाण्याच्या नळ्यांनी तापवलेले असतात. त्यांच्यावरून चालताना पाय आपोआप मंदावतात.

विमानाला अवकाश असेल तर शेवटी सौना. पंचावन्न-छप्पन लाखांच्या या देशात सुमारे तीस लाख सौना आहेत, आणि 2020 मध्ये युनेस्कोनं ही परंपरा आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. कालिओ वस्तीतलं कोतिहार्यू 1928 पासून चालू आहे. भर थंडीत त्याच्या दारात, पदपथावर, टॉवेल गुंडाळलेली माणसं वाफाळत बसलेली असतात. मी गेलो बंदराकाठच्या सार्वजनिक सौनात. आधी अंघोळ, मग बाकावर टॉवेल टाकून बसायचं. आत चार माणसं, बोलणं नाही. कोपऱ्यातल्या गृहस्थांनी लाकडी पळी उचलली, सगळ्यांकडं एकवार पाहिलं, कुणी नाही म्हटलं नाही, तशी तापल्या दगडांवर पाणी ओतलं. चर्रर्र झालं आणि क्षणभर काहीच नाही. मग ती वाफ वरून आली, आधी कानांच्या पाळ्यांवर, मग खांद्यावर, मग श्वासात.

त्यांनी मला कुठला ते विचारलं. सांगितलं, भारतातला, अकोल्याचा.

“तिकडं किती तापतं?”

“मेमध्ये पंचेचाळीस, कधी त्याच्याही वर.”

त्यांनी भिंतीवरच्या तापमापकाकडं पाहिलं. काटा नव्वदीला टेकला होता.

“म्हणजे अर्धंच,” ते म्हणाले, आणि आणखी एक पळी ओतली.