गडग्यापलीकडची अंडी

कोंबड्या पाळणे म्हणजे अंडी खाणे, अशी मुंबईत ४० वर्षे काढलेल्या माझी भाबडी समजूत होती. कोंबड्या पाळणे म्हणजे अंडी शोधणे, हे नाटे गावी येऊन राहिल्यावर कळले!

२०१९ साली नोकरी संपली आणि आम्ही उभयता यशवंतगडाजवळच्या वडिलार्जित घरी आलो. सहा गावठी कोंबड्या घेतल्या. सुताराकडून फूटभर लांबीरुंदीच्या दोन पेट्या करवून घेतल्या, त्यांना रंग दिला आणि ऐन अंगणात मांडल्या. कोंबड्यांनी त्या पाहिल्या आणि सोडून दिल्या. एक लाकडांच्या ढिगामागे घाली, दुसरी करवंदीच्या जाळीत. बाकीच्यांची अंडी कुठे, ते मुंगसाला ठाऊक आणि कावळ्याला ठाऊक. मला तेवढे नाही!

एके दिवशी गडग्यापलीकडून हाक आली, "भावोजी!"

मी दचकलो. पलीकडे माझा चुलतभाऊ राहतो. त्या गडग्याच्या दोन हात जागेवरून आमची बोलाचाली बंद होऊन अकरा वर्षे झाली होती. गणपतीलासुद्धा एकमेकांच्या घरी पाऊल नव्हते. वहिनी टोपलीत नऊ अंडी घेऊन उभ्या होत्या.

"तुमची तांबडी आमच्या गवताच्या उडवीत घालते. मोजून घ्या."

मी मोजली नाहीत. अंगणातल्या पेट्यांकडे नजर जाताच त्या हसल्या. "अहो, बाळंतीण कधी चव्हाट्यावर बसते का?"

मग गडग्याशी उभ्या राहूनच त्यांनी मला सारे शास्त्र सांगितले. पेटी खुराड्याच्या काळोख्या कोपऱ्यात हवी. जमिनीपासून थोडी वर, पण कोंबड्या रात्री बसतात त्या दांडीहून खाली. नाहीतर त्या पेटीतच झोपतात आणि घाण करतात. आत सुका पेंढा, आणि त्यात एक लाकडाचे अंडे. आधी कुणी इथे घातले आहे, म्हणजे जागा भरवशाची, असे कोंबडीला वाटते. बहुतेक जणी सकाळी घालतात. तेव्हा आठवडाभर दाणापाणी आतच द्यायचे आणि दहा-अकराच्या आधी दार उघडायचे नाही.

"आणि रोज ठरल्या वेळी अंडे मागू नका हं!" त्यांनी बजावले. अंडे तयार व्हायला २४ तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. म्हणून घालण्याची वेळ रोज पुढे सरकते आणि एखाद्या दिवशी खाडा पडतो. ४० वर्षांत हे मी कुठल्याच फाइलीत वाचले नव्हते.

सांगितले तसे केले. आठवड्याभरात तांबडीसकट साऱ्या जणी शहाण्या मुलींसारख्या पेटीत बसू लागल्या. अंडी हाताशी आली. फक्त गडग्यापलीकडची हाक थांबली. पंधरा दिवस गेले. अंडी रोज मिळत होती आणि मला मात्र काहीतरी हरवल्यासारखे वाटत होते.

सोळाव्या दिवशी मी पहाटेच तांबडीला बाहेर सोडले. ती तडक गडग्यावर चढली.

"अहो, ती पुन्हा तिकडेच घालील!" सौ. ओरडली.

"घालू दे," मी म्हटले.

दुपारी हाक आली. या वेळी आवाज दादाचा होता.

"काय रे, कोंबडीला अजून वळण लागत नाही वाटतं तुझ्या?"

"नाही लागत, दादा," मी म्हणालो, आणि टोपली घेऊन गडगा ओलांडला.