नकलेचें मोल

नक्कल या शब्दाला आपल्याकडे मान नाहीं. शेजाऱ्याची वही उतरून काढणाऱ्या विद्यार्थ्याला मीहि रागें भरतों. तथापि रात्रीं जेवणें आटोपल्यावर अर्धा तास मी ज्या सुखांत रमतों, तें सर्वस्वीं नकलेचें आहे. माझ्या संगणकांत ‘एम्युलेटर’ नांवाचा एक बहुरूपी राहतो. निन्टेंडो कंपनीनें १९८३ सालीं जपानांत आणलेल्या खेळयंत्राचें तो असें बेमालूम सोंग घेतो कीं, १९८५ सालचा मारिओ खुशाल फसतो आणि नळांवरून उड्या मारूं लागतो!

हा अख्खा खेळ ४० किलोबाइटांत मावतो. आज मोबाइलवर काढलेलें एक छायाचित्रहि याहून कितीतरी अधिक जागा अडवतें. काटकसर अशी कीं, आकाशांतील ढग आणि जमिनीवरचें झुडूप हें एकच चित्र. केवळ रंग निराळा. जुन्या लुगड्यांतून मुलीचें परकर-पोलकें बेतणाऱ्या गृहिणीचीच ही दृष्टि.

कोणी म्हणेल, मग मूळ यंत्रच कां आणीत नाहीं? पण मूळ वस्तूंना वार्धक्य चुकत नाहीं. १९८७ सालीं अमेरिकेंत आलेल्या ‘झेल्डा’च्या काडतुसांत खेळाडूची प्रगति जपणारी विजेरी होती, अशा विजेऱ्या एके दिवशीं विझतात. अमेरिकेंत २०१० पूर्वीं निघालेल्या जुन्या खेळांपैकीं शेंकडा ८७ बाजारांत मिळत नाहींत, असें व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनला २०२३ सालीं आढळलें. हक्कधारकाला वगळून प्रती वांटणें कायद्याला मंजूर नाहीं, हें खरें. परंतु ज्याचा विक्रेताच उरला नाहीं तें घ्यावें तरी कोणाकडून? पोथ्याहि लिपिकांनीं उतरून काढल्या म्हणूनच आपल्यापर्यंत पोंचल्या. आणि माझ्या कॉलेजच्या दिवसांत आमच्या घरीं आलेलें यंत्र तरी कोठें अस्सल होतें? तीहि त्या जपानी यंत्राची स्वस्त नक्कलच!

मात्र या बहुरूप्यानें एक सोय पदरची घातली आहे. वाटेल तो क्षण राखून ठेवावा, आणि खड्ड्यांत पडल्यावर पुन्हां तेथूनच निघावें. ती मी वापरीत नाहीं. त्या खेळांत एकाचें मरण म्हणजे दुसऱ्याची पाळी. माझा मारिओ पडला कीं धाकटा भाऊ आनंदानें ओरडे, आणि त्याचा लुइजी निघे. मरणच टळलें, तर पाळी कोणाची यावी?

भाऊ जाऊन आतां सहा वर्षें झालीं. मी अजून दोघांचाच खेळ निवडतों. मारिओ पडतो, लुइजी येऊन उभा राहतो. वरचे आकडे ४०० पासून उतरूं लागतात. त्याचें बटण आपण दाबावें, असें मला कधीं वाटत नाहीं. शून्य होईपर्यंत मी स्वस्थ बसून राहतों. पाळी त्याची असते.