मामांची लेथ

आमची मुलगी अंधेरीच्या एका कंपनीत आहे. परवा घरी आली ती चेहरा पाडूनच. म्हणाली, "बाबा, मला मेंटॉर केलंय." मला आधी वाटलं, बदली झाली. मग कळलं, नव्या पोराला तिनं हाताशी धरायचं, महिन्यातून एक तास त्याच्याशी बोलायचं आणि नंतर दोघांनी फॉर्म भरायचा. "पण बोलू काय?" हा तिचा प्रश्न.

मला मामा आठवले. 1974 साली मी आयटीआय करून मुलुंडला, लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलो. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानं आम्हाला विद्यावेतन मिळे. मुदत संपल्यावर नोकरी द्यायलाच हवी, असं मात्र त्या कायद्यात नव्हतं. फोरमननं मला मामांच्या लेथपाशी उभं केलं. आठ दिवस मामा बोललेच नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, "डोळे मीट. आवाज ऐक." टूल बोथट झालं की लेथ कण्हते. पुस्तकात हे मी वाचलं होतं, ऐकलं नव्हतं.

एकदा माझ्या हातून मोठा जॉब भंगारात गेला. घरी खाणारी पाच तोंडं. फोरमन येताना दिसला आणि माझे पाय लटपटले. मामा शांतपणे म्हणाले, "साहेब, पोराला माप मीच सांगितलं." नंतर कॅन्टीनमध्ये नेऊन चहा पाजला आणि विचारलं, "आता सांग, चुकलं कुठं?"

ती चूक मी पुन्हा केली नाही. मुदत संपल्यावर तिथंच कायम झालो. पुढे दुसरीकडे जास्त पगार मिळत होता, तरी गेलो नाही. मालकांना वाटलं, काय इमानी माणूस! इमान कसलं, तो चहा होता. मामांनाही मी अगदीच फुकट पडलो नाही. ते सूत आणि इंचातले. ड्रॉइंगवरचे मिलिमीटर मी त्यांना हळूच, कुणी ऐकत नाही असं पाहून समजावत असे.

हे सगळं सांगून मुलीला म्हटलं, "पोराच्या हातून काही बिघडलं की आधी त्याला चहा पाज. फॉर्म मग भर."

"बाबा, आमच्याकडे चहा मशीनमधून येतो. फुकट असतो."

"तिथंच तर घोळ आहे," मी म्हटलं. "खाली टपरीवर ने. आणि पैसे तू दे."