सर्वानुमते मंजूर

राज्यशास्त्र हा आमच्या काळी उरलेल्यांचा विषय होता. गणित जमत नाही, इंग्रजीची धास्ती, अर्थशास्त्रात आलेख काढावे लागतात. मग राहतं काय? मी मात्र तो हट्टानं घेतला. चुलते म्हणाले, "शिकून काय सरपंच व्हायचंय का?" बाई सरपंच होणं हा तेव्हा विनोदच होता, त्यामुळे घरात सगळे हसले. मीही हसले असणार.

कॉलेज होतं अहमदनगर कॉलेज. (शहराचं नाव आता कागदोपत्री अहिल्यानगर आहे. बोलताना आम्ही तेव्हाही 'नगर' म्हणायचो, आताही तेच म्हणतो.) डॉ. भा. पां. हिवाळे यांनी 1947 साली उभं केलेलं हे ख्रिस्ती कॉलेज. "मिशनवाल्यांकडं पोरगी घातली, आता बाटणार," असं आमच्या आळीत कुजबुजलं जायचं. बाटले नाही. एक सवय तेवढी लागली. सभेत जे झालं ते लिहून ठेवायचं, आणि त्यातही 'नको' म्हणणाऱ्याचं म्हणणं गाळायचं नाही.

ही सवय पुस्तकातून आली नाही. पुस्तकात होता तो 'पोस्डकॉर्ब'. लोकप्रशासन शिकलेल्या कुणालाही हा शब्द झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल. ल्यूथर गुलिक या अमेरिकन अभ्यासकानं 1937 साली वरिष्ठ प्रशासकाची सात कामं सांगितली: नियोजन, संघटन, कर्मचारी नेमणं, निर्देश देणं, समन्वय, अहवाल आणि अंदाजपत्रक. त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांपासून हा ओबडधोबड शब्द तयार झाला. परीक्षेला हमखास यायचा, म्हणून आम्ही तो घोकला आणि विसरलो.

पुढं कितीतरी वर्षांनी गुलिक यांच्याबद्दल वाचताना कळलं की त्यांचा जन्म जपानात, ओसाकाचा. वडील मिशनरी. त्यांना जपानला पाठवलं ते 'अमेरिकन बोर्ड' या मिशनरी संस्थेनं. याच बोर्डाचे पहिले लोक 1813 मध्ये मुंबईत आले, 1831 मध्ये नगरला त्यांनी ठाणं केलं, आणि 1842 मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू केलं तेही इथूनच. दूर देशातल्या ठाण्यावरून बोस्टनच्या मुख्यालयाला नेमानं अहवाल धाडणाऱ्या माणसाचा हा मुलगा, आणि त्यानं अहवाल देणं हे प्रशासनाचं एक स्वतंत्र काम मानलं! यातून काही सिद्ध होत नाही. तरी ही जोडणी मला सोडवत नाही.

मूळ सवय लागली ती एका मैत्रिणीमुळे. तिचे वडील त्यांच्या चर्चच्या मंडळीत पंच होते. वार्षिक सभेला ती मला सोबत घेऊन गेली. उपासनेनंतर चहा असतो, हे मुख्य आकर्षण. बाकांवर पन्नासेक माणसं. जमाखर्च मोठ्यानं वाचला गेला. दुरुस्तीच्या एका खर्चावर मागच्या बाकावरची एक म्हातारी उठली आणि हा खर्च आम्हाला विचारून केला नाही, असं पाळकांच्या तोंडावर म्हणाली. मला वाटलं, आता तिला कुणीतरी खाली बसवणार. पण चिटणीस लिहीतच होते. लिहून झाल्यावर त्यांनी तिलाच विचारलं, "आजी, असं लिहिलंय, बरोबर आहे का?" आजी म्हणाली, "वाचा परत." त्यांनी परत वाचलं. मतदान झालं, आजी हरली, खर्च मंजूर झाला. तिचा विरोध तिच्या नावानिशी वहीत राहिला.

अमेरिकन बोर्डाच्या या मंडळ्या मूळच्या काँग्रिगेशनल पंथाच्या. त्या पंथात स्थानिक मंडळी आपला कारभार स्वतः, सभा भरवून, मतदान करून चालवते. 1970 मध्ये उत्तर भारतातले बरेच पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं आणि वर बिशप आले, तरी सभेची जुनी खोड लगेच जात नाही. हे सगळं मला नंतर समजलं. त्या दिवशी एवढंच दिसलं की हरलेल्या बाईचं म्हणणं कुणी खोडलं नाही.

संविधान सभेच्या चर्चांचे बारा खंड वाचायला घेतले तेव्हा मी तीच वही शोधत होते, मोठ्या आकाराची. 4 नोव्हेंबर 1948 रोजी डॉ. आंबेडकरांनी मसुदा मांडताना खेड्यांबद्दल जे कठोर शब्द वापरले, ते तिथं जसेच्या तसे आहेत. दुसऱ्याच दिवशी सभेचे सदस्य ह. वि. कामत त्यावर चिडून बोलले, तेही आहे. आणि 22 नोव्हेंबरला दुसरे एक सदस्य के. संथानम यांनी ग्रामपंचायतींबद्दलचं कलम मांडलं, आंबेडकरांनी ते स्वीकारलं. तेच आजचं कलम 40. खेड्यांवर विश्वास नसलेल्या माणसाचं आणि त्याच्यावर रागावलेल्यांचं म्हणणं एकाच खंडात, काही पानांच्या अंतरानं. राज्यशास्त्राचं याहून चांगलं पाठ्यपुस्तक मला अजून मिळालेलं नाही.

पुढं पंचायत समितीत विस्तार अधिकारी झाले. गावोगाव जाऊन ग्रामपंचायतींची दप्तर तपासणी करायची. ग्रामसभेच्या इतिवृत्ताला गावात 'प्रोसिडिंग' म्हणतात. वही उघडली की पहिला विषय ठरलेला: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. ते कुणी वाचत नसे. खाली सूचक, अनुमोदक आणि 'ठराव सर्वानुमते मंजूर'. पुढच्या पानावर तेच, त्याच्या पुढच्या पानावर तेच. भावकीतली भांडणं कोर्टात चाललेली, निवडणुकीत डोकी फुटलेली, आणि वहीत मात्र सगळं गाव भजनाला बसल्यासारखं एका सुरात.

याची युक्ती सोपी असते. ग्रामसभेला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यातले जे कमी तेवढे हजर लागतात. नाही आले तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. म्हणजे पहिली सभा पडू द्यायची, दुसरीत पाच-पंचवीस जणांत ठराव उरकायचे. सह्यांचा कागद नंतर घरोघर फिरतो. समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरनं लेखी नोंदीला नोकरशाहीचा आधार म्हटलं. नोंद खोटी असली तर तिच्या आधारानं काय काय उभं राहतं, ते पाहायला त्याला आमच्या तालुक्यात यायला हवं होतं.

24 एप्रिल 1993 पासून 73वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांच्या झाल्या. पुढं महाराष्ट्रात निम्म्या. चुलत्यांचा विनोद कायद्यानं संपला. एका गावात तपासणी चालू असताना नवी निवडून आलेली सदस्या आली. तिला सहीपुरतंच लिहिता येई. दारात उभी राहून म्हणाली, "मॅडम, गटारीच्या ठरावाला मी नाही म्हणले होते. माझं नाही कुठं लिवलंय, दावा."

कुठंच लिहिलं नव्हतं. 'सर्वानुमते' होतं आणि त्याखाली तिची सही होती. मी तपासणीच्या शेऱ्यात लिहिलं, "सदस्याचा विरोध नोंदविलेला नाही." ठराव बदलला नाही, गटार तिच्याच दारातून गेली. पुढच्या तपासणीला एका ठरावाखाली तिचं नाव आणि 'विरोध' हा शब्द दिसला. त्या वहीतला तो पहिलाच होता.

ख्रिस्ती कॉलेजात शिकून तुम्हाला काय मिळालं, असं निवृत्तीनंतर काहीजण खोचकपणे विचारतात. मूल्यं वगैरे सांगायला मला संकोच वाटतो, आणि ती मूल्यं कुणा एका धर्माची नाहीतच. माझं मत एवढंच आहे की ज्या वहीत कधीच कुणाचा विरोध नसतो, ती वही खोटी असते; मग ती ग्रामपंचायतीची असो, सोसायटीची, देवस्थानाची किंवा चर्चची.

आता ती वही मागता येते. माहिती अधिकाराचा देशाचा कायदा 2005चा. महाराष्ट्रात राज्याचा कायदा त्याआधीच आला होता, आणि त्यासाठीच्या आंदोलनाचे अण्णा हजारे आमच्याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीचे. साध्या कागदावर अर्ज, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. गेल्या वर्षीच्या ग्रामसभांची प्रोसिडिंगं मागवा. तुम्ही हजर होतात आणि काही बोलला होतात, तर ते त्यात आहे का ते पाहा. नसेल तर पुढच्या सभेला जा आणि लिहून घ्यायला लावा.