पिवळं पान आणि मातीतलं लोखंड

जुलैत झड लागली की माझा फोन थांबत नाही. औसा, निलंगा, कंधार, मुखेड, फोन कुठूनही येवो, प्रश्न एकच: “साहेब, सोयाबीन पिवळं पडलंय. काय हाणू?” मी उलट विचारतो, “वरचं पान पिवळं का खालचं?”

माती परीक्षणाचं माझं काम, पण पहिली तपासणी डोळ्यांचीच. खालची जुनी पानं पिवळी पडत असतील तर नत्राकडे बघायचं. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्यागार, तर लोह. पिवळे-हिरवे चट्टे एकमेकांत मिसळलेले आणि झाड हलवताच पांढरी माशी उडाली, तर मोझॅकचा संशय घ्यायचा. तो विषाणू, त्याला सूक्ष्म अन्नद्रव्यांचा फवारा लागू पडत नाही.

लोहाचं नाव काढलं की शेतकरी बुचकळ्यात पडतो, आणि त्याचं चुकत नाही. आपली काळी माती बेसाल्ट झिजून झालेली. तिला लोखंडाचा काय तोटा? घोडं पेंड खातं ते चुन्यापाशी. चुनखडीच्या ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब सोडा, ते फसफसायला लागतं. अशा जमिनीचा सामू आठच्या आसपास असतो आणि तिथं लोह विरघळतच नाही. त्यात पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, बायकार्बोनेट वाढतं आणि होतं तेवढं लोहही पिकाला उचलता येत नाही. मग ऊन पडतं, वाफसा येतो, पुष्कळदा पीक आपसूक हिरवं होतं. श्रेय मात्र मधल्या काळात मारलेल्या टॉनिकला जातं.

प्रयोगशाळेत आम्हीही सगळं लोह मोजत बसत नाही. पिकाच्या हाती लागेल तेवढ्याचाच अंदाज घेतो. १० ग्रॅम माती, २० मिली डीटीपीएचं द्रावण, दोन तास हलवायचं, गाळायचं, यंत्रावर लावायचं. लिंडसे आणि नॉर्वेल यांनी १९७८ साली मांडलेली ही पद्धत. एक किलो मातीत लोह ४.५ मिलिग्रॅमच्या खाली किंवा जस्त ०.६ च्या खाली आलं की कमतरता धरतात. एकराच्या वरच्या १५ सेंमी थरात साधारण ९ लाख किलो माती असते. म्हणजे जस्ताची ही सीमा एकरभरात जेमतेम अर्धा किलो! पण तेवढंही मिळालं नाही तर कांड्या आखडतात, पानं बारीक राहतात आणि उतारा घटतो.

इतकं बारीक मोजायचं तर नमुना चोख हवा. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत माती कालवली तर बादलीचंच जस्त अहवालात उतरतं. म्हणून लाकडी खुरपं आणि प्लास्टिकचं घमेलं वापरा. बांध, उकिरडा, झाडाची सावली टाळा. माती सावलीत वाळवा आणि कापडी पिशवीत अर्धा किलो आणा.

आता द्यायचं काय? जस्त कमी असेल तर एकरी १० किलो झिंक सल्फेट, शेणखतात मिसळून. डीएपीत कालवू नका. स्फुरदाशी जस्ताचं जमत नाही. फेरस सल्फेट चुनखडीत नुसतं फेकलं तर लवकरच निकामी होतं. तेही शेणखतातूनच द्या. उभ्या पिकाला पानांवर ०.५ टक्क्याची फवारणी. आणि पुढच्या हंगामात पेरणी रुंद वरंबा-सरीवर करा, म्हणजे पाणी सरीतून निघून जाईल.

२०१५ पासून मिळणाऱ्या मृद आरोग्य पत्रिकेत बारा बाबी असतात. जस्त किंवा लोह ‘कमी’ दिसलं की माणूस तडक कृषी सेवा केंद्राची वाट धरतो. मी त्याला थांबवून त्याच कागदावरचा सामू आणि सेंद्रिय कर्ब वाचायला लावतो. सामू आठच्या वर आणि कर्ब तळाला असेल, तर खर्चात पहिला मान शेणखताचा, दुसरा पाणी काढून देणाऱ्या चराचा. थैलीचा नंबर त्यानंतर.