एक एप्रिलच्या आधी

अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतच्या नोंदी काढणं हे काम मी नोकरीभर केलं, आणि त्याची गोडी अजून सुटलेली नाही.

वडील पतसंस्थेत कारकून. रोजकीर्दीत सुरुवातीचं पान उघडायचं आणि हव्या त्या पानापर्यंत बोट फिरवत यायचं, ही त्यांची रीत. दिवस म्हणजे अख्खं पान. त्यात सकाळ-संध्याकाळ असा भेद नसे.

नव्वदच्या दशकात मी फॉक्सप्रो शिकले. 'सेट डेट ब्रिटिश' लिहायला विसरलं की पाच मार्चचा तीन मे व्हायचा. पण रकान्यात नुसती तारीख असे. १ एप्रिल ते ३१ मार्च म्हटलं की वर्ष पुरतं हाती येई.

पुढे एसक्यूएलमध्ये काम करू लागले, आणि तारखेला वेळ चिकटली. 'बिटवीन' ही अट दोन्ही टोकं धरते खरी, पण नुसतं ३१ मार्च लिहिलं तर यंत्र तो दिवस सुरू होतानाचा क्षण धरतं. सकाळी साडेदहाला भरलेला हप्ता त्याच्या पलीकडे पडतो. एका संस्थेच्या थकबाकीच्या यादीत मी हे पाहिलं. शेवटच्या दिवशी पैसे भरणारे सगळे थकबाकीदार ठरले होते. शेवटच्या दिवशी कोण येतं? ज्याला चार ठिकाणी हात पसरून रक्कम जमवावी लागते तो. नोटीस नेमकी त्याच्याच दारी जाणार होती. तेव्हापासून या अटीकडे मी नुसती तांत्रिक बाब म्हणून पाहू शकत नाही.

काही जण ३१ मार्चपुढे २३:५९:५९ लिहून मोकळे होतात. मला ते पटत नाही. शेवटच्या सेकंदाच्या पोटातही अंश असतात. त्यापुढे .९९९ जोडावं, तर एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या 'डेटटाइम' प्रकारात ती वेळ दुसऱ्या दिवसाच्या शून्यावर सरकते. त्यापेक्षा सरळ लिहावं: १ एप्रिल २०२३ किंवा त्यानंतर, आणि १ एप्रिल २०२४ च्या आधी. सलग आकड्यांसाठी संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९८२ मध्ये हीच रीत उचलून धरली होती, पहिलं टोक आत, शेवटचं बाहेर. एका वर्षाची हद्द संपते तिथेच पुढच्याची सुरू होते. मध्ये फट नाही, दुबार मोजणी नाही. महिन्याची यादी काढताना फेब्रुवारी किती दिवसांचा, हेही पाहावं लागत नाही.

नवी मुलं रिपोर्ट तपासायला आणतात, तेव्हा मी आधी तीन पावत्या टाकायला लावते: ३१ मार्च सकाळची, त्याच रात्री ११:५९ नंतरची आणि १ एप्रिल सुरू होतानाच्या ठोक्याची. पहिल्या दोन यादीत हव्यात, तिसरी नको.