नावात उरलेला विघ्नासुर

शाळेत शनिवारच्या शेवटच्या तासाला आमचे गणिताचे गुरुजी फळ्यावर एकच शब्द लिहीत: 'शंकानिरसन'. त्या तासाला नवे काही शिकवायचे नाही, ज्याचे जे अडले असेल ते त्याने विचारायचे, असा शिरस्ता होता. एखाद्याने अडखळत शंका विचारली की गुरुजी ती आधी स्वतः मांडत. मुलाला जेवढी नीट सांगता आली नसेल, त्याहून नीट सांगत आणि मगच सोडवायला घेत. शेवटी विचारत, "गेली का?" 'समजलं का' असे नाही, 'गेली का'. शंका ही कुणीतरी घरात शिरलेली असावी आणि तिला उंबऱ्याबाहेर घालून दार लावायचे असावे, तसे ते विचारणे होते.

पुढे बऱ्याच वर्षांनी हाच शब्द मला कायद्याच्या पुस्तकात भेटला. आपल्याकडच्या बऱ्याच अधिनियमांच्या अगदी शेवटी एक कलम असते. त्याच्या समासात लिहिलेले असते: 'निरसन व व्यावृत्ती'. जुना कायदा आता उठला, असे ते कलम सांगते. बोलताना आपण हा शब्द वापरत नाही. कायदा 'रद्द झाला' म्हणतो, 'मोडीत काढला' म्हणतो, 'सरकारने मागे घेतला' म्हणतो. २०२१ च्या नोव्हेंबरात संसदेने तीन कृषी कायदे उठवले, तेव्हा विधेयकाच्या नावात 'निरसन' होते आणि पारावरच्या बोलण्यात 'मागे घेतले' होते. रद्द हा अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि इथे त्याचा संसार वाढला. जे रद्द झाले ती रद्दी. तराजूत बसते, किलोने जाते.

या सगळ्या शब्दांत कायदा कुठे ना कुठे जातो, पण दरवेळी वेगळ्या वाटेने. इंग्रजी 'रिपील' जुन्या फ्रेंचमधून आला. त्याच्या मुळाशी 'परत बोलावणे' आहे. आपले 'मागे घेणे' त्याला किती जवळचे! रोमन लोकांचा शब्द याहून वेगळा. तिथे नवा कायदा लोकांपुढे विचारणा करून होत असे, म्हणून तो उठवण्याच्या लॅटिन क्रियापदातही 'विचारणे' दडलेले आहे. जे विचारून केले ते विचारूनच काढायचे. निरसनात मात्र बोलावणे नाही की विचारणे नाही. 'निर्' म्हणजे बाहेर आणि 'अस्' म्हणजे फेकणे. निरसन म्हणजे बाहेर टाकणे.

संस्कृतात 'अस्' हे धातू दोन आहेत. एक असण्याचा, ज्यातून 'अस्ति' आले आणि ज्याच्या नात्यातले आपले 'असणे'. दुसरा फेकण्याचा. उच्चार एकच, अर्थाने मात्र एक राहतो आणि दुसरा दूर जातो. या फेकणाऱ्या धातूचे कुटुंब मोठे आहे. फेकायचे ते अस्त्र. शब्द एकत्र टाकले की समास, वेगवेगळे मांडले की व्यास. एकाच गोष्टीवर मन पुन्हापुन्हा टाकत राहणे हा अभ्यास. सारे खाली ठेवून निघणे हा संन्यास. आणि विश्वासाने कुणाच्या हाती काही ठेवणे हा न्यास. देवस्थानांच्या पाट्यांवर आपण तो शब्द वाचतो आणि पुढे जातो. बाहेर टाकणे आणि विश्वासाने ठेवणे ही दोन कामे एकाच धातूची लेकरे आहेत, हे मला ओझरला जाईपर्यंत नुसते व्याकरण वाटत होते.

ओझर जुन्नर तालुक्यातले, कुकडीच्या काठावरचे. येडगाव धरणामुळे इथे नदी रुंद आणि सावकाश झाली आहे. मंदिराला दगडी तट आहे, समोर दीपमाळा आहेत. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, त्यानंतर त्यांनी या मंदिराचा जीर्णोद्धार केला आणि शिखराला सोन्याचा मुलामा दिला, असे सांगतात. अष्टविनायकांतला हा विघ्नहर, विघ्नेश्वर. इथे येणारा प्रत्येक माणूस काही ना काही बाहेर टाकायला आलेला असतो: आजार, कर्ज, कोर्टातली तारीख, पोरीचे अडलेले लग्न. माझी आजी हात जोडून म्हणायची, "विघ्नांचं निरसन कर रे बाबा." कायद्याचे पुस्तक तिने कधी पाहिले नव्हते, पण शब्द अचूक वापरला होता.

ओझरची कथा सर्वांना ठाऊक आहे. अभिनंदन राजाने इंद्रपदासाठी यज्ञ मांडला, इंद्राने तो मोडायला विघ्नासुराला धाडले आणि त्याने एका यज्ञावर न थांबता पृथ्वीवरची सारीच सत्कृत्ये उधळायला सुरुवात केली. म्हणजे एका भ्यालेल्या सत्ताधाऱ्याने एका कामापुरता काढलेला हुकूम मोकाट सुटला. मग गजाननाने त्याला जेरीस आणले आणि तो शरण आला. पण गजाननाने त्याला मारले नाही. त्याला हद्द घालून दिली: जिथे माझे पूजन, तिथे तुझे पाऊल नाही. विघ्नासुराने ते मान्य केले आणि एक मागणे मागितले: तुमच्या नावाआधी माझे नाव घेतले जावे. देवाने तेही दिले. म्हणून तो विघ्नहर. ओझरला जो कुणी देवाला हाक मारतो, तो आधी असुराचे नाव घेतो.

कायद्याच्या त्या शेवटच्या कलमाचा अर्थ मला या कथेने उलगडला. तिथे 'निरसन' एकटे येत नाही, 'निरसन व व्यावृत्ती' असे जोडीने येते. व्यावृत्ती म्हणजे वेगळे काढून ठेवणे, निरसनाच्या तडाख्यातून काही वाचवणे. जुना कायदा गेला, तरी त्याखाली कुणाला मिळालेला हक्क जात नाही, कुणावर आलेले दायित्व संपत नाही, चालू असलेला खटला विरत नाही. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचे सहावे कलम हेच सांगते. आणि ज्या कायद्याने दुसरा कायदा उघड शब्दांत उठवायचा, त्याला सहसा त्या दुसऱ्याचे नाव, वर्ष, क्रमांक लिहावा लागतो. ज्याचे निरसन करायचे त्याचे नाव आधी घ्यावे लागते. आपल्या शास्त्रचर्चेची रीतही तीच: आधी पूर्वपक्ष पुरता मांडायचा, मग त्याचे निरसन, मग सिद्धान्त. गुरुजी शनिवारी तेच करत होते.

आपल्या संविधानाचा अखेरचा, ३९५ वा अनुच्छेद निरसनांचा आहे, हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी बराच वेळ त्या पानावर थांबलो होतो. 'आम्ही, भारताचे लोक' येथून निघालेला तो मोठा ग्रंथ शेवटी दोन कायदे उठवतो: १९३५ चा भारत सरकार कायदा आणि १९४७ चा भारतीय स्वातंत्र्य कायदा. ज्या कायद्याने ब्रिटिश संसदेने सत्ता सोडली, तोसुद्धा. आपले स्वातंत्र्य कुणाच्या कागदाच्या खुंटीवर टांगलेले राहू नये, एवढे त्या एका वाक्यात आहे. पण तिथेही प्रिव्ही कौन्सिलची अधिकारिता संपवणारा १९४९ चा कायदा तेवढा वगळून ठेवलेला आहे. शिवाय अनुच्छेद ३७२ ने इंग्रजी अमदानीतले बाकीचे कायदे, ते बदलले किंवा उठवले जाईपर्यंत, चालू ठेवले. घर नवे झाले, भांडीकुंडी जुनीच राहिली. तसे करणे भागही होते. एका रात्रीत सारे बाहेर टाकले असते तर सकाळी चूल कशी पेटली असती?

ओझरच्या शेजारच्या मुलखात या व्यावृत्तीची खूण पाण्याखाली आहे. जुने आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणात गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो, पण तालुका अजून आंबेगावच. गाव बुडाले, नाव तरले. १ जुलै २०२४ पासून १८६० ची भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. फसवणुकीचे कलम आता ३१८ आहे, पण लबाड माणसाला लोक अजूनही 'चारसोवीस'च म्हणतात. पुस्तकातून गेलेले कलम जिभेवर राहिले.

जिभेवर राहिले तर फारसे बिघडत नाही. पण काही कायदे जिभेहून खोल उतरतात. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी तो उत्तर हिंदुस्थानात होता, १९११ च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यातही लागू झाला, १९२४ मध्ये नव्याने बांधला गेला. या कायद्याला गुन्हा घडायची वाट पाहावी लागत नसे. अमुक जमातीत जन्मला, एवढे पुरे. नाव नोंदवायचे, बोटांचे ठसे द्यायचे, ठरल्या वेळी हजेरी लावायची, गाव सोडायचे तर परवाना घ्यायचा. कित्येकांना तारेच्या कुंपणाआड वसवले. सोलापुरात अशी मोठी वसाहत होती. शहराचा एक भाग आजही 'सेटलमेंट' याच नावाने ओळखला जातो. मद्रास आणि मुंबई प्रांतांनी हा कायदा आपापल्या हद्दीत आधी उठवला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो साऱ्या देशातून गेला. तो दिवस 'विमुक्त दिन' म्हणून पाळतात. महाराष्ट्राच्या यादीत १४ विमुक्त जाती आहेत. विमुक्त म्हणजे सुटलेले. शब्द मोकळा आहे, पण तो उच्चारताच आधीची बेडी आठवते. विघ्नहरात विघ्न असावे, तशी.

कायदा गेला, तरी चोरी झाली की पहिली झडती पालावर, हे चालूच राहिले. लक्ष्मण गायकवाडांना १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो ज्या आत्मकथनाला, त्याचे नाव 'उचल्या'. जन्माबरोबर कपाळी मारलेला शब्दच त्यांनी पुस्तकाच्या कपाळी लावला. आपल्यावरच्या शंकेचा पूर्वपक्ष त्यांनी स्वतः, पुरता मांडला. उत्तर वाचणाऱ्याने द्यायचे होते.

हे सारे मला ठाऊक होते. म्हणूनच ओझरचा तो सकाळचा प्रसंग मी विसरू शकत नाही. दर्शन घेऊन मी नदीकडच्या पायऱ्यांवर बसलो होतो. शेजारी पिशवी होती. फुगे विकणारी एक बाई कडेवर पोर घेऊन आली आणि माझ्यापासून हातभर अंतरावर टेकली. ती कोण, कुठली, मला माहीत नाही. तिचे विटके लुगडे, पोराचे भुरे केस, पाठीवरचे गाठोडे, एवढेच मी पाहिले. आणि माझा हात गेला, पिशवी त्याने माझ्याकडे ओढून घेतली. मी ठरवले नव्हते. हाताने परस्पर केले. १९५२ साली संसदेने जे बाहेर टाकले, ते माझ्या मनगटात शिल्लक होते. ते कुठल्या कलमाने वाचवून ठेवले होते? कुणी लिहिली होती ही व्यावृत्ती?

बाईने ते पाहिले की नाही, मला कळले नाही. पाहिले असावे; अशा हातांची तिला सवय असणार. ती थोडा वेळ पाण्याकडे बघत बसली. मग उठली, फुग्यांची काठी पायरीच्या खाचेत रोवली, गाठोडे माझ्या पायाशी ठेवले आणि म्हणाली, "दादा, येवढं संभाळा. पोराला देवाच्या पायावर घालून येते." माझ्या उत्तराची वाट न बघता ती पायऱ्या चढून गेलीसुद्धा.

त्या गाठोड्यात काय होते मी पाहिले नाही. तिचा दिवसाचा गल्ला असेल, पोराचे अंगडे असेल, भाकरी असेल. तिचे होते ते सारे असेल. मी पायांची जागा न बदलता बसून राहिलो. वाऱ्याने फुगे एकमेकांवर आपटत होते. गर्दी वाढत होती. वरून घंटेचा आवाज आला की मला वाटे, आता ती पायाशी पोचली असेल, देवाआधी असुराचे नाव तिच्याही तोंडून निघाले असेल.

कायद्याचे निरसन सभागृहात होते. त्याला तारीख असते, क्रमांक असतो, राजपत्र असते. शंकेच्या निरसनाला यातले काही नसते. ते एकेका मनगटात व्हावे लागते आणि पुष्कळदा ज्याच्यावर शंका घेतली, त्यालाच ते करावे लागते. १९५२ साली अर्धे काम झाले. उरलेल्या अर्ध्यातला माझा वाटा त्या बाईने माझ्या पायाशी आणून ठेवला होता. माझ्याकडून जे बाहेर टाकले जात नव्हते, ते तिने आपले गाठोडे खाली ठेवून टाकायला लावले.

ती परत आली तेव्हा पोराच्या कपाळाला शेंदूर होता. तिने गाठोडे उचलले, गाठ तपासली नाही, पाठीवर टाकले. काठी उपसून निघाली. मी पिशवीकडे पाहिले. ती तिथेच पायरीवर होती, उघडी. केव्हा माझ्या हातातून सुटली होती, मला आठवत नव्हते.

गुरुजी असते तर फळ्याकडे पाठ करून त्यांनी विचारले असते, "गेली का?"